शेवटल्या नावाआधीचा 'आणि'

सभेचे इतिवृत्त लिहिणारा लेखनिक "सभेस देशमुख, पाटील आणि कुलकर्णी उपस्थित होते" हे वाक्य एका दमात लिहून पुढल्या ओळीकडे वळतो. पहिल्या नावानंतर स्वल्पविराम, शेवटल्या दोन नावांमध्ये 'आणि', आणि त्या 'आणि'पूर्वी मात्र स्वल्पविराम नाही, ही सारी व्यवस्था त्याच्या हातून विनासायास होते. तिचा नियम काय, असे कोणी विचारले तर मात्र तो क्षणभर थबकेल. हा नियम आपल्याला कोणी शिकविल्याचे त्याला आठवणार नाही. किंबहुना असा काही नियम आहे आणि तो आपण पाळीत आहोत, हीच गोष्ट त्याला नवी वाटेल.

संगणकाला काम सांगण्याची विद्या जे नव्याने शिकू लागतात, त्यांच्यापुढे आरंभीच्या दिवसांतच हा प्रश्न अभ्यास म्हणून ठेवण्यात येतो. यंत्राला नावांची यादी द्यावयाची आणि तिच्यातून व्याकरणशुद्ध असा शब्दसमूह त्याने जुळवून दाखवावा, अशी आज्ञावली लिहावयाची. प्रश्न दिसावयास इतका क्षुल्लक, की शिकणाऱ्याला तो आपला अपमान वाटावा. परंतु पाऊण तासाने त्याच विद्यार्थ्याला पाहावे! कपाळाला आठ्या घालून तो पडद्याकडे पाहत असतो, आणि पडद्यावर "देशमुख, पाटील, कुलकर्णी, " असे एक अधांतरी स्वल्पविरामाने संपणारे वाक्य लोंबकळत असते.

ही पहिली चूक बहुतेक सर्वांच्या हातून होते, आणि तिचे कारण समजून घेण्याजोगे आहे. यंत्राला एकच कृती पुनःपुन्हा करावयास सांगणे सोपे असते. म्हणून विद्यार्थी त्याला सांगतो, की यादीतील एकेक नाव घे, ते लिही आणि त्यापुढे स्वल्पविराम दे. यंत्र आज्ञाधारक; ते शेवटल्या नावापुढेही स्वल्पविराम देते. माणूस 'प्रत्येक नावानंतर स्वल्पविराम' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात 'दोन नावांच्या मध्ये' असा अर्थ असतो; यंत्र मात्र बोललेले ऐकते, मनातले ऐकत नाही. दहा खांब रोवून कुंपण घातले तर मधली अंतरे नऊच भरतात. ह्या जातीच्या चुकीला संगणकशास्त्रात कुंपणाच्या खांबाची चूक असेच नाव पडले आहे, आणि मुरलेले आज्ञावलीकारही तिच्यापासून पूर्णपणे मुक्त नसतात.

विद्यार्थी चूक सुधारतो आणि शेवटल्या नावाची वेगळी व्यवस्था करतो: यादीतले शेवटचे नाव आले म्हणजे त्याआधी स्वल्पविराम न देता 'आणि' घाल. तीन नावांची यादी आता निर्दोष उतरते, चार नावांचीही उतरते. आनंदाच्या भरात तो एकाच नावाची यादी देऊन पाहतो. त्या यादीत पहिले नाव तेच शेवटचेही असल्यामुळे यंत्र गंभीरपणे लिहिते, "सभेस आणि देशमुख उपस्थित होते." आणि यादीत एकही नाव नसेल तर? रिकाम्या यादीतील शेवटचे नाव मागितले, तर बहुतेक संगणकभाषांत यंत्र चूक दाखवून तेथेच थांबते. 1991 साली प्रथम प्रसिद्ध झालेली आणि आज नवशिक्यांना सर्रास शिकविली जाणारी पायथन ही भाषा तशीच वागते.

रिकाम्या यादीचा प्रश्न इतरांहून वेगळा आहे. तेथे व्याकरणाचे उत्तर नाही. "सभेस कोणीही उपस्थित नव्हते" असे लिहावयाचे, की ती ओळच गाळावयाची, की यादी भरावयाची राहून गेली आहे असे समजून काम थांबवावयाचे, हे ज्याने काम सांगितले त्याने ठरवावयास हवे. ज्यांनी कचेऱ्यांत नमुने आणि तक्ते तयार केले आहेत, त्यांना ह्या गोष्टीची ओळख पटेल. कोरा रकाना म्हणजे 'नाही', की 'माहीत नाही', की 'विचारलेच नाही', ह्या प्रश्नाने यंत्र येण्यापूर्वीही पुष्कळ कागद अडवून ठेवले होते.

यानंतर विद्यार्थ्याला जी युक्ती सापडते, ती मोठी सुंदर आहे. यादीचे दोन भाग करावयाचे: शेवटचे नाव एका हातात आणि बाकीची सारी दुसऱ्या हातात. बाकीची नावे स्वल्पविरामांनी ओवावयाची. दोन घटकांच्या मध्येच चिन्ह घालणारी, टोकाला कधीही न घालणारी अशी सोय पायथनमध्ये तयारच असते. मग एक 'आणि', आणि त्यापुढे राखून ठेवलेले नाव. नावे दोनच असतील तर पहिल्या भागात एकच नाव उरते, त्याला ओवण्यास स्वल्पविराम लागतच नाही, आणि "देशमुख आणि पाटील" हे आपोआप शुद्ध उतरते. म्हणजे मराठीपुरते पाहिले तर प्रकार तीनच राहतात: यादी रिकामी, यादीत एक नाव, आणि एकाहून अधिक नावे.

इंग्रजी शिकविणारा गुरू मात्र येथे चौथा प्रकार मोजावयास लावील. इंग्रजीत पुष्कळ ग्रंथप्रकाशक 'आणि'पूर्वीही स्वल्पविराम देतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने पाळलेल्या प्रथेवरून त्याला ऑक्सफर्ड स्वल्पविराम म्हणतात. तो तीन किंवा अधिक नावांत शोभतो, दोन नावांत शोभत नाही. म्हणून ती प्रथा पाळावयाची तर दोन नावांची यादी वेगळी काढावी लागते. इंग्रजी वृत्तपत्रे सामान्यतः तो देत नाहीत, आणि ह्या दोन पक्षांतील वाद कित्येक पिढ्या चालला आहे.

हा वाद केवळ मुद्रितशोधकांच्या हौसेचा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतील मेन राज्यात झालेला एक खटला पाहावा. तेथे दुधाची ने-आण करणाऱ्या गाडीचालकांनी जादा कामाच्या वेतनासाठी आपल्या कंपनीवर दावा लावला. कायद्यात अशा वेतनातून वगळलेल्या कामांची यादी होती: नाशवंत माल डबाबंद करणे, त्यावर प्रक्रिया करणे, तो साठविणे, इत्यादी, आणि अखेरीस पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणे, अथवा बांधणे आणि वितरण करणे. मराठीत सांगताना हा घोटाळा असा दोनदा सांगावा लागतो. मूळ इंग्रजीत ते एकच वाक्य होते, आणि त्यातील 'किंवा'पूर्वी स्वल्पविराम नसल्यामुळे त्याचे हे दोन्ही अर्थ निघत होते. चालक वितरण करीत, बांधणी करीत नसत. 2017 साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरविला आणि संशयाचा फायदा चालकांना दिला. 2018 साली ते प्रकरण 50 लाख डॉलरांच्या तडजोडीने मिटले. मधल्या काळात विधिमंडळाने त्या यादीत अर्धविराम घालून घेतले होते.

आपल्याकडे असे होणार नाही म्हणून निश्चिंत राहण्याचे कारण नाही. एखाद्या मृत्युपत्रात "जमीन गोविंद आणि रघुनाथ व सदाशिव यांस समान वाटून द्यावी" असे लिहिले, तर वाटे किती? गोविंदाला तिसरा हिस्सा, की निम्मा? जाणता लेखक 'व' हा शब्द जवळची जोडी बांधण्यासाठी आणि 'आणि' हा मोठा सांधा जोडण्यासाठी वापरतो. "श्री. व सौ. जोशी आणि श्री. व सौ. गोखले" ह्या शब्दरचनेत हा भेद सहज दिसतो. फारसीच्या वाटेने मराठीत आलेला हा एकाक्षरी 'व' अशा ठिकाणी मोठ्या उपयोगाचा ठरतो. परंतु सारेच लेखक हा विवेक पाळीत नाहीत, आणि मृत्युपत्राचा अर्थ लावणाऱ्याने कशावर भरवसा ठेवावा? म्हणून कायद्याच्या लेखनात हिस्से आकड्यांनी सांगणे हाच शहाणपणा होय. यंत्राला तर हा भेद मुळीच ठाऊक नसतो. यादीच्या आत यादी आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागते.

नावे जोडण्याची रीत सर्व भाषांत एकच असेल, अशी समजूत इंग्रजी पुस्तकांवरून शिकणाऱ्याची नकळत होऊन बसते. तंजावरात किंवा बंगळुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तिचा फोलपणा रोजच्या व्यवहारात दिसतो. तमिळमध्ये 'आणि' सारखा एकच शब्द मध्ये घालण्याऐवजी प्रत्येक नावाला 'उम्' हा प्रत्यय लावण्याची रीत आहे: "रामनुम् सीतैयुम्". कानडीतही "रामनू सीतेयू" अशीच प्रत्येक नावावर खूण होते. तेथे शेवटले नाव वेगळे काढण्याची आपली सारी युक्ती निकामी ठरते. जी पहिली, भाबडी आज्ञावली मराठीत चुकली, तिचाच सांगाडा तेथे कामी येतो. संस्कृतात 'च' हा अव्यय नावांच्या मागून येतो, शेवटी एकदाच किंवा प्रत्येकानंतर. शिवाय द्वंद्व समास करून नावेच एकत्र बांधता येतात; दोन असतील तर "रामलक्ष्मणौ" असे द्विवचन आणि तीन असतील तर बहुवचन. दोहोंचा प्रकार निराळा मोजण्याचे बंधन पाणिनीच्या भाषेतही होतेच म्हणावयाचे. स्पॅनिश भाषेत 'आणि'साठी 'इ' असा शब्द आहे. पण पुढील नावाचा आरंभच 'इ' ध्वनीने होत असेल, तर दोन 'इ' एकमेकांत बुडू नयेत म्हणून त्याचा 'ए' होतो. फर्नांदो राजा आणि इसाबेल राणी यांचा उल्लेख "फर्नांदो ए इसाबेल" असाच करावा लागतो. अशा ठिकाणी यंत्राला पुढचे नाव आधी वाचून पाहावे लागते.

जगातील लिप्यांना संगणकीय संकेतांक देणाऱ्या युनिकोड संघाने ह्या भेदांची दखल घेतली आहे. त्याच्या भाषाविषयक माहितीकोशात प्रत्येक भाषेसाठी यादीचे चार साचे नोंदविलेले असतात: दोनच नावांचा एक, आणि लांब यादीच्या आरंभाचा, मधल्या भागाचा व शेवटचा असे तीन. त्यांवर आधारलेली यादी जुळविण्याची सोय जावास्क्रिप्ट ह्या भाषेच्या 2021 च्या मानकात समाविष्ट झाली. मराठीचे साचेही त्या कोशात आहेत. तेव्हा स्वल्पविराम आणि 'आणि' यांच्यापुरते पाहिले तर आजच्या आज्ञावलीकाराने सारे पुन्हा नव्याने घडविण्याची गरज नाही.

परंतु मराठीचा खरा प्रश्न स्वल्पविरामाचा नव्हेच. विरामचिन्हे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी, इंग्रजीवरून रूढ झाली. ती येण्यापूर्वीही मराठीत याद्या होत्या आणि त्यांचे व्याकरण होते. ते व्याकरण विभक्तीत आणि क्रियापदात राहते, आणि चार साच्यांच्या कोशात ते मावत नाही.

विभक्तीचे उदाहरण घ्यावे. निमंत्रण कोणास पाठविले हे लिहावयाचे आहे. देशमुखचे 'देशमुखांना' होते. पाटीलमधली 'ई' गळून 'पाटलांना' होते. कुलकर्णीचे 'कुलकर्ण्यांना' होते, आणि आता 'कुलकर्णींना' असेही पुष्कळ लिहितात. मोरे यांचे 'मोऱ्यांना'. गावांची तीच तऱ्हा: पुण्यास, साताऱ्यास, वाईस, नागपुरास. प्रत्यय लागण्यापूर्वी नाव आपला आकार बदलते. ह्यालाच आपले व्याकरणकार सामान्यरूप म्हणतात. ही रूपे यंत्राला शिकवावयाची म्हणजे एक वेगळीच मोठी आज्ञावली लिहावयाची, आणि ती पूर्ण झाली तरी परप्रांतीय नाव आले की अडणार.

नवशिक्या येथे हात टेकील. पण मराठीनेच त्याची सोय कधीची करून ठेवली आहे. "देशमुख, पाटील आणि कुलकर्णी यांना निमंत्रण पाठविले." नावे जशीच्या तशी राहिली, आणि विभक्तीचा सारा भार शेवटी आलेल्या 'यांना' ह्या सर्वनामाने उचलला. 'यांनी', 'यांचा', 'यांच्याकडून' ही त्याचीच भावंडे. गावांसाठी 'येथे' आहे: "पुणे, सातारा आणि वाई येथे". कचेरीतील मराठीची रुक्षपणाबद्दल नेहमी थट्टा होते, आणि ती बहुधा रास्त असते. परंतु ह्या 'यांना' आणि 'येथे'च्या बाबतीत तरी तिला दोष देता येत नाही. नाव बदलू नये, कागदावर ते ज्याचे त्याने लिहिले तसेच उमटावे, ह्या गरजेतून ती रचना कागदपत्रांत इतकी घट्ट रुजली असावी. आणि आज यंत्राला नेमके तेच हवे आहे.

एकच नाव असेल तर मात्र ही सोय एक प्रश्न विचारते. 'यांना', की 'याला', की 'हिला'? दोन नावे आली की 'यांना' ठरलेले. एक नाव आले की व्यक्ती स्त्री की पुरुष, लहान की आदरणीय, हे कळल्यावाचून शब्द निवडता येत नाही. क्रियापदाचे तसेच आहे. "गोविंद आला", "रमा आली", परंतु "देशमुख आले" आणि "देशपांडेबाई आल्या". माणूस एकच असून क्रियापद बहुवचनी, कारण मराठीत आदर वचनातून व्यक्त होतो. इंग्रजीच्या धर्तीवर 'संख्या एक असेल तर एकवचन' असे यंत्राला सांगून ठेवणारा विद्यार्थी येथे एखाद्या वयोवृद्ध गृहस्थाला 'आला' म्हणून बसेल, आणि तो लेख जर शासकीय पत्र असेल तर ते पत्र त्या गृहस्थाच्या हाती पडेल.

अनेक नावांतही लिंग सुटत नाही. "रमा आणि उमा आल्या". "गोविंद आणि सदाशिव आले". स्त्रीपुरुष मिश्र असतील तर सामान्यतः 'आले'. तथापि "ती दोघे आली" असा नपुंसकलिंगी प्रयोगही जोडप्याविषयी सर्रास ऐकू येतो, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. यंत्राला दोहोंपैकी एक निवडून द्यावा लागतो. लेखी व्यवहारासाठी 'आले' निवडणे अधिक सुरक्षित. येथेही 'यांनी'ची रचना पुष्कळ अडचणी टाळते. "देशमुख, रमाबाई आणि पाटील यांनी ठराव मांडला" ह्या वाक्यात क्रियापद ठरावाच्या मागून जाते. माणसे कोणत्या लिंगाची, ह्याची चौकशीच होत नाही. सूचना असेल तर 'मांडली', मत असेल तर 'मांडले'. शक्य तेथे वाक्याचा घाट असा ठेवावा, की यंत्राला कमीत कमी गोष्टी ठाऊक असाव्या लागतील, हा धडा नवशिक्याने लवकर शिकलेला बरा.

यादी लांबली म्हणजे सारी नावे न देता पहिली दोन देऊन "आणि इतर" म्हणण्याची चाल आता समाजमाध्यमांमुळे घरोघर परिचित झाली आहे. इंग्रजीत तेथे नुसता आकडा घातला की काम भागते. मराठी मात्र चारपर्यंत माणसे निराळ्या शब्दांनी मोजते: दोघे, तिघे, चौघे, स्त्रिया असतील तर दोघी, तिघी, चौघी, आणि पाचापासून पुढे 'पाच जण', 'सहा जणी'. "रमा, उमा आणि इतर 2" असे लिहिलेले कळते खरे, पण ते हिशेबाच्या वहीसारखे वाटते. "रमा, उमा आणि इतर दोघी" म्हटले की माणसे दिसतात. तीन शब्दांच्या दोन ओळी यंत्राला दिल्या की हे साधते. इतके स्वस्त काम करावयाचे राहून जाते, ते मराठी अवघड आहे म्हणून नव्हे. आज्ञावली इंग्रजीत विचार करून लिहिली जाते आणि मग शब्द तेवढे बदलले जातात, म्हणून.

उरतो प्रश्न स्त्री की पुरुष, हे यंत्राने ओळखावे कसे याचा. नावाच्या शेवटच्या स्वरावरून ते ठरविता येईल, अशी कल्पना विद्यार्थ्याला हटकून सुचते. आकारान्त ती स्त्री, अकारान्त तो पुरुष. पहिल्या दहा नावांत ती बरोबरही ठरते. मग 'कुसुम' येते, 'कमल' येते, आणि दुसऱ्या बाजूने 'अण्णा' आणि 'दादा' येतात. अपवादांची यादी करण्याने भागत नाही, कारण काही नावे दोहोंची असतात. ही माहिती नावात नसतेच. ती व्यक्तीकडून घेऊन नावाच्या शेजारी नोंदवावी लागते, आणि नोंदविलेली नसेल तर 'यांनी'सारखी तटस्थ रचना वापरावी लागते.

आज्ञावली पुरी झाली म्हणजे विद्यार्थ्याने ती तपासावयाची असते. प्रथम रिकामी यादी द्यावी. मग एक पुरुष, एक स्त्री, एक आदरार्थी नाव. मग दोन स्त्रिया, दोन पुरुष, एक स्त्री आणि एक पुरुष. मग तीन नावे, सात नावे, आणि ज्यात आधीच एक 'आणि' आहे असे एखाद्या पेढीचे नाव, "जोशी आणि मंडळी"सारखे. सर्वांत शेवटी एकट्या 'किरण'ची यादी द्यावी, लिंगाचा रकाना मुद्दाम कोरा ठेवून. त्या वेळी पडद्यावर 'आला' उमटले किंवा 'आली' उमटले तरी आज्ञावली चुकली असे समजावे. यंत्राने थांबून विचारले पाहिजे.